पक्की शिवलेली लाल मूठ

"काइट खाली घे," मी नरेशला दुसऱ्यांदा सांगितलं. वारा एकदम पडला होता आणि मला नेमकी त्याचीच भीती होती.

मी काइटसर्फिंग शिकवते. राहते कात्रपला, म्हणजे समुद्राचा पत्ता नाही. त्यामुळे जमिनीवरचा सराव वांगणीला एका फार्महाउसमागच्या माळावर घेते. कमरेच्या पट्ट्याला, म्हणजे हार्नेसला, मोठा काइट अडकवायचा आणि तो ताब्यात ठेवायला शिकायचं. लोकांना वाटतं हा पतंगच. पतंग आपण ओढतो, हा आपल्याला ओढतो.

वादळी ढग जवळ आला की आधी आजूबाजूची हवा आत खेचतो. वारा पडतो, आपल्याला वाटतं टळलं. मग तोच ढग गार हवा एका दमात बाहेर फेकतो, तीही भलत्याच दिशेने. माथेरानच्या बाजूने काळं भरून आलं होतं आणि नरेश म्हणत होता, मॅडम, आता तर शांत झालंय, एक राउंड मारू द्या की. असा राग आला मला!

तेवढ्यात धुळीचा लोट आला. काइट नरेशला कुंपणाकडे फरफटत नेऊ लागला. पलीकडे विजेच्या तारा.

"रिलीज कर!" मी ओरडले. हार्नेसपाशी एक लाल मूठ असते. पुढे ढकलली की काइट सुटतो. नरेश जीव खाऊन ढकलत होता, मूठ हलेना. मी धावत जाऊन त्याच्या पायांवर पडले आणि हुक-नाइफने, म्हणजे माझ्या वाकड्या सुरीने, दोऱ्या कापल्या. काइट तारांत गेला. अख्ख्या वाडीची लाइट गेली.

मग मूठ पाहिली. आधीच्या आठवड्यात मीच तपासली होती. आता तिच्यावरचं कापडी कव्हर दोन्ही टोकांना जीन्सच्या दोऱ्याने घट्ट शिवलेलं. मागच्या क्लासला मूठ चुकून सुटली होती आणि नरेश पाठीवर आपटला होता. हार्नेस, मूठ सगळं त्याचं स्वतःचं, क्लास झाला की घरी नेतो. त्याच्या पप्पांचं कॅम्प चारच्या वस्तीत जीन्स शिवायचं वर्कशॉप आहे. काळीनिळी पाठ त्यांनी पाहिली होती.

मी त्यांना फोन लावला तो झापायलाच. सगळं ऐकून ते म्हणाले,

"मॅडम, मैंने खुद सिलाई मारी. डबल. बच्चा गिरे नहीं इसलिए."

झापायचं सोडून मी त्यांना ती मूठ कशासाठी असते ते समजावलं.

नरेशचा खांदा दुखावला, तेवढ्यावर निभावलं. हल्ली काइट हवेत जाण्याआधी त्याच्या जागी मी दोरी धरते, प्रत्येकाने मागे रेलून मूठ ढकलायची आणि पडायचं. दर क्लासला. नरेश परत आला तेव्हा पप्पाही खुर्ची घेऊन बसले होते. तो धपकन पडला, तसे ते अर्धे उठले. मग खुर्चीचे हात घट्ट धरून परत बसले.