माधवची गढी

माधव गेला तो सोमवार होता. ऑफिसला जायला तो गाडीत बसला आणि गाडी ड्राइव्हवेतून निघालीच नाही. शुभावहिनींचा फोन आला, "भाऊजी, या." मी पोचलो तेव्हा ॲम्ब्युलन्स निघून गेली होती.

आम्ही दोघे पुण्याच्या एकाच कॉलेजातून अमेरिकेत ट्रॉयला आलो, मोटारींच्या कामात रमलो. संध्याकाळी मी कादंबऱ्या वाचायचो आणि माधव फ्रान्समधल्या एका गढीचा इतिहास लिहायचा. मध्ययुगातली गढी... चहूबाजूंनी तट, आत कोठारं, विहीर आणि गोल कमानींचं, जाड भिंतींचं रोमनेस्क चॅपल. लायब्ररीतल्या जुन्या पुस्तकात तिचा फोटो त्याने पाहिला आणि अडकलाच. "आपल्याकडच्या देशमुखांच्या गढीची बहीण आहे रे," म्हणायचा. तिच्यासाठी तो फ्रेंच शिकला. तिथे मात्र कधी गेला नाही. ग्रीन कार्डची फाइल अडकली होती, आणि २००१च्या त्या सप्टेंबरनंतर एकदा देशाबाहेर पडलं की व्हिसाचा नवा शिक्का कधी मिळेल, हे कुणीच सांगू शकत नव्हतं.

दिवाळीत तो लेकीसाठी गॅरेजमध्ये किल्ला करायचा. एका वर्षी त्याने पुस्तकातला नकाशा समोर ठेवून तीच गढी केली. नर्सरीतून मातीची पोती आणली, तटावर अळीव पेरले, पुण्याहून आणलेले मावळे उभे केले.

"बाबा, व्हाय आर मावळाज इन फ्रान्स?" ईशाने विचारलं.

"पाहुणे आलेत."

"महाराजांना चर्चमध्ये बसवू नका म्हणजे झालं," वहिनी दारातून म्हणाल्या.

मग चॅपलच्या पायऱ्या बसेनात. "देअर इज नो रूम, बाबा." खरंच जागा नव्हती. नकाशाप्रमाणे चॅपलचं मोठं दार थेट तटाकडे उघडत होतं, मध्ये जेमतेम माणूस मावेल एवढी फट. माधवने मातीच्या बोटाने नकाशातली ती फट पुन्हा मोजली.

"भिंतीकडे तोंड करून दार कोण बांधेल? चॅपल आधीचं आहे. गावाचं. गढीवाल्याने मागाहून तट घातला आणि गाव बाहेर राहिलं."

पुस्तकं उलट सांगत होती: आधी गढी, मग धन्याने स्वतःपुरतं बांधलेलं चॅपल. खरं काय ते उंबऱ्यावरून कळलं असतं. तो झिजलेला असेल, तर सगळं गाव त्या दाराने आत येत होतं. फोटोत नेमकं उंबऱ्यावर सरपण रचलेलं.

"कुणाकडून तरी नवा फोटो मागव ना यार," मी म्हणालो.

"नाही. पाय ठेवून बघायचंय."

या उन्हाळ्यात कार्ड आलं. त्याने तिघांची ऑक्टोबरची तिकिटं काढली, ईशाला फ्रेंचमध्ये पाणी मागायला शिकवलं. वहिनींनी ती तिकिटं परवा कॅन्सल केली आणि त्याचं सगळं लिखाण मला आणून दिलं. मी ते सावकाश वाचतो आहे. विहीर, कोठारं, तट, सगळं त्यात आहे. उंबऱ्याच्या ठिकाणी त्याने अर्धं पान मोकळं सोडलं आहे.