बनाबाईची दोन टोपल्यांची भाकरी

भाकरी तुम्ही चाखून खाता, की नुसती मोजून? मोजून खात असाल तर कुंडलच्या बनाबाईपुढं बसू नका. पुढ्यातलं ताट उचलून नेईल.

मेढ्याच्या डोंगरातून ती बाराव्या वर्षी इथं नांदायला आली. अक्षराची ओळख नाही, पण ढेकूळ चुरून रानात गेल्या साली काय होतं ते सांगायची. लढाई संपली आणि नवरा जोतीराम पलटणीतून परतला, तो पांढऱ्या खताचं वेड घेऊनच. ओढ्याकडच्या रानात सलग तीन सालं शाळूवर शाळू, आणि वर खताच्या पोत्यावर पोतं. वरच्या रानात मात्र बनाबाईनं हट्टानं एक साल हरभरा, एक साल शाळू असा फेर धरला. हरभरा जाताना मातीत जो कस ठेवून जातो, तो बेवड तिला सोन्याहून प्यारा.

एकोणपन्नास साली पीकस्पर्धा निघाली. जोतीरामानं पैज घातली: ओढ्याकडचा शाळू जास्त उतरला, तर वरच्या रानातला हरभरा कायमचा बंद. बनाबाईला ती मानावी लागली.

शेतीखात्याचे वाईचे शरच्चंद्रसाहेब काटा घेऊन आले. ओढ्याकडचं रान दीडपट उतरलं. साहेबांनी भाषण केलं. भूक लागलेली, म्हणून लवकर आटपलं.

बनाबाईनं दोन टोपल्या मांडल्या. साहेबांनी पहिलीतली अर्धी भाकरी तशीच ठेवली, दुसरीतल्या तीन संपवल्या. हात धुताना हळूच म्हणाले, "घरी न्यायला दोन पायल्या ज्वारी मिळेल का? या दुसऱ्या टोपलीतल्या भाकरीची?"

"ती हरलेल्या रानातली हाय, सायेब."

साहेबांनी कागद चाळला. स्पर्धेत चवीचा रकाना नव्हता, कसाचाही नव्हता.

"ताकात पानी वतलं की तांब्या भरतो," बनाबाई म्हणाली. "लोनी वाढतं व्हय?"

पोत्यानं दाणे वाढवले. मातीतले बाकीचे क्षार होते तेवढेच, ते दीडपट दाण्यांत वाटले गेले. एवढं बोलायला साहेबाला पगार होता, बोलली ती बिनपगारी.

जोतीराम शब्दाचा पक्का. वरच्या रानात हरभरा बंद, म्हणाला.

"बरं. मग तिथं तूर घाला, तिचाबी बेवड ऱ्हातो," बनाबाई म्हणाली, "आन् हरभरा वड्याकडं. पैज वरच्या रानाची हुती न्हवं?"

जोतीराम मिशी चावत उठला. त्यानं पेरणीची पाभर ओढ्याकडं वळवली.

तेव्हा पुढचं पोतं फोडण्याआधी एवढं करा: घरातल्या बाईला विचारा, या रानात गेल्या साली काय उभं होतं. आणि ती सांगेल ते ऐका.