नकाशातली मोकळी जागा

"इथलं पाणी पिऊ नका," साहेब मला म्हणाले. हळू नाही. दारातल्या बायकांना ऐकू जाईल असं.

माझ्या हातात तांब्या होता. रेणुकामावशीनं दिलेला. मावशी आमच्या शेजारची. आई विड्यांच्या कारखान्यात जायची तेव्हा मावशीनंच मला सांभाळलं. तिच्या घरात जेवून मी शाळेत जायचे. साहेबांना यातलं काही माहीत नव्हतं. मी त्यांच्याच गाडीतून उतरलेली. गळ्यात ओळखपत्र, हातात कागद.

मी तांब्या परत दिला. घोटही न घेता.

मावशीनं माझ्याकडं पाहिलं. दारात चार बायका उभ्या होत्या. एकीनंही माझं नाव घेतलं नाही. मी इथलीच, हे त्यांनीच साहेबांपासून झाकलं.

मी सोलापुरात, नगररचनेच्या एका कार्यालयात कंत्राटी कॉम्प्युटर ऑपरेटर होते. बाहेरून पाहुणे येणार होते, म्हणून शहराच्या माहितीची पुस्तिका काढायची होती. जिल्ह्याचं ठिकाण. आखीव शहर. रुंद रस्ते, बागा, चादरी. मजकूर मी लिहायचा. त्या दिवशी नव्या बागेसाठी राखलेली जागा बघायला निघालो होतो. गाडी वळली तेव्हा मला कळलं, ती जागा म्हणजे आमची वस्ती. सांगायला हवं होतं. तोंड उघडलं नाही.

साहेबांनी नाकाला रुमाल लावला. "घरं फोटोत नकोत. लिहा, मोकळी जागा."

मी लिहिलं. माझ्या हातानं. त्या मोकळ्या जागेत माझी आई राहते. मीही राहते.

संध्याकाळी घरी गेले. आईनं मान वर केली नाही.

"मावशीचं पानी प्याली न्हाईस म्हनं."

"साहेब होते की गं."

"व्हय. साहेब हुते." मग म्हणाली, "तुज्या आज्याला गावात वरनं पानी वतायचे. ते सोडून आमी हितं आलो."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. आजोबांच्या ओंजळीत वरून पाणी ओतणारे परके होते. इथं तर मीच होते. कार्यालयात कुणी पत्ता विचारला की मी पलीकडच्या कॉलनीचं नाव घ्यायचे. पाच वर्षं.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिले.

"सर, त्या वस्तीत माझं घर आहे."

साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग हसले. "काय सांगता! तुम्ही तिथल्या वाटत नाही हो."

आणि खरं सांगते, ते ऐकून मला एक क्षण बरं वाटलं. त्याची लाज मला तांब्यापेक्षा जास्त वाटते. अजून वाटते. मी त्यांच्या तोंडून हेच ऐकायला धडपडत होते की काय?

"मी तिथलीच आहे," मी म्हणाले. "मोकळी जागा हा शब्द मी टाइप करणार नाही."

"मग दुसरं कुणीतरी करेल."

दुसऱ्यानं केलं. पुस्तिका निघाली, गुळगुळीत कागदावर. माझं कंत्राट पुढं वाढलं नाही.

मावशीकडं गेले. माफी मागायला तोंड उघडलं तर ती म्हणाली, "मला काय सांगतीस? त्या साहेबाला सांग की." आत निघून गेली.

आता मी वस्तीत दारोदार फिरते. बागेच्या विरोधात हरकतीचे अर्ज भरून घेते. नाव, घर, कधीपासून राहता. काही बायका सही करतात, पण माझ्याशी बोलत नाहीत. त्यांचं बरोबर आहे. बोला म्हणून मी विनवणार नाही.

हरकतींच्या सुनावणीला साहेब समोर असतील. मी वस्तीचं नाव सांगीन, मग माझं. सगळे अर्ज त्यांच्या टेबलावर ठेवीन. आणि एकेका अर्जाची पोच हातात पडल्याशिवाय तिथून हलणार नाही.