नातवासाठी भरलेला आवाज

परळच्या एका इस्पितळात भावाच्या रिपोर्टसाठी थांबलो होतो. बाकावर शेजारी एक कोळीण बसली होती. अंबाड्यात अबोलीचा गजरा, मांडीवर नवाकोरा मोबाईल. अचानक ती मोबाईलवर ओरडली, "आधी हात धू! मगच जेवायला बस!" आजूबाजूची माणसं दचकली.

"नातू ऐकत नाही वाटतं?" मी हसून विचारलं.

"तो गेलाय बालवाडीत. मी अलार्म भरतेय." ठरल्या वेळी घंटीऐवजी आपलाच आवाज वाजेल, अशी सोय मुलाने तिला मोबाईलमध्ये करून दिली होती. दात घासायला, पाणी प्यायला, हात धुवायला वेगवेगळा अलार्म. "माझ्या ओरडण्याबिगर तो काय करत नाय."

"मग घरी जाऊन ओरडा की, मावशी."

तिने गळ्यावरून बोट फिरवलं. "उद्या ऑपरेशन हाय. आवाजाची पेटीच काढणार."

माझं हसू तोंडातच थिजलं. ती मात्र भरलेला आवाज कानाशी धरून ऐकत होती. "हा लय गोड झाला. ह्याला तो भीक घालणार नाय," म्हणत तिने तो पुसला आणि 'दात घास' पुन्हा भरलं, मासळीबाजारातल्या आवाजात.

शेवटी मोबाईल ओठांशी नेऊन ती अगदी हळू म्हणाली, "शाबास रे माझ्या राजा."

मग तो माझ्यापुढे धरला. "भाऊ, ह्याला टायम कुठला लावू?"

मी काही सुचवण्याआधीच ती म्हणाली, "झोपतानाचा लावते. दिवसभरात कायतरी चांगलं केलंच असेल त्यानं."