चष्मा घातलेली कोंबडी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही, आणि त्याला तर मी समोरच्या फ्लॅटमध्ये पडदे बदलले तेही सांगते. सुनंदाचं नाव घरात निघालं की मी काहीतरी निमित्त काढून ओट्याकडे जाते. त्याला वाटतं, मला तिची आठवण येते. येतेच. खूप येते. पण मी उठते ते त्यासाठी नाही.

सुरुवात कुठून करू? दोन हजार नऊ साल धरा. आम्ही दुबईत, डिस्कव्हरी गार्डन्समध्ये राहायचो. मंदी आली, खिडकीतून दिसणाऱ्या क्रेन एकेक करून हलायच्या थांबल्या आणि नवऱ्याच्या कंपनीने आधी पगार अर्धा केला, मग त्याला घरीच बसायला सांगितलं. व्हिसाचं काय, मुलीच्या शाळेचं काय, या प्रश्नांनी आम्ही एकमेकांवर खेकसायला लागलो होतो. मी पुण्यात शाळेत इंग्रजी शिकवलेलं. म्हणून बिल्डिंगमधल्या बायकांचा क्लास घरीच सुरू केला. पुस्तकं घ्यायची ऐपत नव्हती, आणि खरं सांगायचं तर पुस्तकांनी त्या पळाल्याच असत्या.

मग मी इंटरनेटवर फुकट मिळेल ते गोळा करायला लागले. स्वयंपाकाचा व्हिडिओ लावायचा, आवाज बंद करायचा आणि त्या परदेशी आचाऱ्याच्या तोंडी आमच्या बायकांनी इंग्रजी घालायचं. एका साइटवर चित्रकथा करता यायच्या. निम्म्या साइट इथे उघडायच्याच नाहीत, तरी राहिलेल्या निम्म्या पुरायच्या. आणि एक साइट अशी होती की तिथे एखादा चेहरा निवडायचा, आपला आवाज रेकॉर्ड करायचा आणि तो चेहरा आपल्या आवाजात बोलायचा. ओठ हलायचे, डोळे मिचकायचे. बायका खुळ्यासारख्या हसायच्या. मला वाटायचं, अख्ख्या दुबईत मीच काय ती हुशार.

सुनंदा या क्लासची. सांगलीकडची. नवरा जबल अलीला एका कंपनीत स्टोअर सांभाळायचा. तिला इंग्रजी नोकरीसाठी नको होतं. तिचा मुलगा ओजस तिसरीत होता आणि शाळेच्या गेटवर तिला सांगायचा, "मॉम, तू बोलू नको. आय विल टॉक." पुढच्या महिन्यात शाळेचा ओपन हाउस होता. त्या दिवशी एकटीने जायचं आणि त्याच्यादेखत बाईंना एक प्रश्न इंग्रजीत विचारायचा — एवढंच तिला हवं होतं. मागणी केवढी? पण माझ्यासमोर तोंड उघडलं की ती थरथरायची.

म्हणून मी तिला तो चेहऱ्यांचा खेळ दिला. सगळ्या सुंदर गोऱ्या बायका सोडून तिने चष्मा घातलेली कोंबडी निवडली. म्हणाली, "ही बरी हाय ताई. हिच्याकडं बघून कोण घाबरंल?" आणि त्या कोंबडीमागे लपून ती जी बोलायला लागली! प्रत्येक इंग्रजी वाक्याच्या शेवटी तिचं ते 'बरं का' यायचं. मी म्हटलं, राहू दे, ते नंतर काढू. एकदा मी सगळ्यांना सांगितलं — जे मराठीत कुणाला सांगता येत नाही ते इंग्रजीत सांगून टाका. फक्त मी ऐकणार. शब्द दिला मी तसा.

सुनंदाची कोंबडी म्हणाली, "माय सन इज गुड बॉय, बरं का. इन मॉल ही वॉक फास्ट. आय वॉक स्लो. देन पीपल थिंक वुई आर नॉट टुगेदर. ही इज हॅपी, बरं का."

मी ते ऐकून रडले होते. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून तुम्हाला वाटेल की मला काही कळलंच नव्हतं.

त्याच सुमाराला जुमेरा लेक टॉवर्समध्ये एका मॅडमचं ट्रेनिंग सेंटर होतं. मराठीच, आमच्या मंडळातल्या. त्यांना शिक्षिका हवी होती. मी कसं शिकवते त्याचा नमुना त्यांनी मागितला. मी त्यांना मेल केली. तीत कोंबडीची लिंक टाकली.

झालं, सांगितलं. — नाही, सगळं नाही सांगितलं. इतकंच असतं तर मी स्वतःला कधीच माफ करून टाकलं असतं. गरज होती, घरात नवरा रिकामा बसला होता, नमुना तर नमुना. पण माझ्याकडे दुसरेही नमुने होते. एका बाईने उत्तप्पा करायची कृती सांगितली होती, चांगली होती. मी कोंबडीच निवडली, कारण ती ऐकून मॅडम मला विसरणार नाहीत हे मला ठाऊक होतं. आणि मी वर एक ओळ लिहिली: 'आमची एक सांगलीची बाई. ऐकाच, हसून हसून पुरेवाट होईल.'

का लिहिलं असं? मॅडम मोठ्या इंग्रजीतल्या. मी त्यांच्या बाजूची आहे, सुनंदाच्या बाजूची नाही, हे त्यांना दिसावं म्हणून. दुसरं कारण मला आजही सापडत नाही.

मॅडम हसल्या असणार. त्यांनी ती लिंक मैत्रिणीला पाठवली, तिने तिच्या भावजयीला, आणि गणपतीच्या आधी ती मंडळाच्या अख्ख्या ईमेल ग्रुपवर फिरली. माझी ओळ कुठेतरी गळून पडली होती. माझं नावही. कोंबडीचं नाव मात्र सगळ्यांना कळलं, कारण तो आवाज आणि ते 'बरं का' दुसऱ्या कुणाचं असणार? आरतीनंतर प्रसाद वाटताना पुरुषमाणसं एकमेकांना "टेक मोदक, बरं का" म्हणत होती. सुनंदा पाणी वाटत होती. सगळे का हसतायत ते तिला कळेना, तीही थोडी हसली. मीही हसले. ओजसला शाळेच्या बसमध्ये मुलं कोंबडीसारखी मान हलवून दाखवायला लागली, तेव्हा तिला कळलं.

ती माझ्याकडे आली. भांडायला नाही. भांडायला तरी आली असती तर! सोफ्याच्या कडेवर बसली आणि म्हणाली, "ताई, ह्ये बाहेर कसं गेलं?"

मला खरं सांगायला किती वेळ लागला असता? मी म्हटलं, "अगं, फुकटची साइट ना ती. त्या लोकांचा काही भरवसा नसतो. सगळं आपोआप सगळ्यांना दिसतं. कुणाच्या तरी हाती लागलं असेल."

तिने मान हलवली. मग म्हणाली, "न्हाई ताई, माझंच चुकलं आसंल. काय दाबायचं, काय न्हाई, मला कुठं कळतंय." आणि माझा हात धरून, मला वाईट वाटू नये म्हणून, थोपटला.

ओपन हाउसला तिचा नवरा गेला. ती क्लासला पुन्हा आली नाही. पुढच्या उन्हाळ्याआधी त्याचीही कंपनी खलास झाली आणि त्यांनी घर आवरलं. जायच्या दिवशी ती क्लाससाठी घेतलेला माइकवाला हेडफोन मला देऊन गेली. नवाकोरा होता. म्हणाली, तुमच्या क्लासच्या पोरींना होईल, माझ्याकडं नुसता पडून राहील. ओजस लिफ्टचं दार धरून उभा होता. तिच्या हातातली पिशवी त्याने न सांगता घेतली आणि मला वाटलं, आता बोलावं. लिफ्ट गेली.

नोकरी मला मिळाली. त्याच सेंटरमध्ये. आज तिथली सगळ्यात जुनी शिक्षिका मीच. अजून व्हिडिओ लावते, आवाज बंद करते, बायका बोलतात, हसतात, जागा छान भरलेली असते. आणि प्रत्येक नव्या बॅचला पहिल्याच तासाला मी सांगते — फुकटच्या साइटवर जपून, सगळं आपोआप सगळ्यांना दिसतं. त्या गंभीरपणे माना डोलावतात. इतकी वर्षं सांगून ते आता माझ्या तोंडात अगदी खरं वाटतं.

ती चेहऱ्यांची साइट कधीच बंद पडली. कोंबडी गेली, तिच्याबरोबर तो आवाजही. मला तो ऐकायचा असतो, फार ऐकायचा असतो. दुपारी क्लास संपला की त्या रिकाम्या खुर्च्यांमध्ये कुणीतरी 'बरं का' म्हणावं असं वाटतं. फोन केला की तिचा नवराच उचलतो आणि ती कामात आहे म्हणतो. ती मला संक्रांतीला, दिवाळीला मेसेज करते. नेहमी टाइप करून. ओजस इंजिनियर झाला, बंगळुरूला असतो, हे तिनेच लिहून कळवलं.

गेल्या संक्रांतीला मी धीर केला. लिहिलं, "सुनंदा, लिहू नकोस, बोलून पाठव. किती वर्षांत तुझा आवाज ऐकला नाही."

बराच वेळ ती टाइप करत असल्याचं दिसत राहिलं. मग आलं:

"नको ताई. ओजसला पण मी कधी आवाज पाठवत नाही. फुकटचं असतं ते, कोण ऐकेल सांगता येत नाही. तुम्हीच सांगितलं होतं ना. तुम्ही पण जपून राहा, बरं का."

मी तिला 'हो' लिहून पाठवलं.