दार न उघडण्याची नोकरी

मिल बंद पडली तेव्हा शरच्चंद्र मुळ्ये पन्नाशीला टेकले होते. सुताला लावायची खळ तपासण्यात उभी हयात गेलेली. मग बरीच वर्षं घरीच बसले. त्याच काळात बायको गेली, मुलगा पुण्याला गेला. शेवटी राऊ गावाच्या रस्त्यावरच्या एका खाजगी लॅबनं त्यांना ठेवून घेतलं. काम काय, तर शरबतांतली आणि मधातली साखर मोजायची.

यंत्र मोठं नखरेल. नमुना पंपाच्या दाबानं एका बारीक नळीतून जायचा आणि त्यातल्या साखरा सुट्या होऊन एकेक बाहेर यायच्या. आधी फ्रुक्टोज, मागून ग्लुकोज, सगळ्यांत शेवटी आपली चहातली साखर. प्रत्येकीची कागदावरच्या रेघेत एक टेकडी उठायची. पण खोलीतली हवा जरा बदलली की रेघ भरकटलीच. म्हणून यंत्र चालू असताना दार उघडायचं नाही, असा लॅबच्या प्रमुख संहिता मॅडमचा कायदा होता. मिलच्या गर्दीत वाढलेला हा माणूस दिवसभर त्या थंड खोलीत रेघेचं तोंड बघत बसायचा. एकटेपणानं जीव अगदी विटून गेला होता.

हक्काचा माणूस एकच उरला होता, मिलमधला विणकर लक्ष्मण. रविवारी यायचा, चहा प्यायचा, मिलवाल्यांच्या नावानं बोटं मोडून जायचा. आता तोही बिऱ्हाड गुंडाळून कामासाठी सुरतेला निघाला होता. जाण्याच्या दिवशी दुपारच्या सुट्टीत भेटून जातो म्हणाला.

नेमका त्याच दिवशी घोळ झाला. कोणीतरी दार उघडलं, शरबताची रेघ बिघडली. दुसऱ्यांदाही तेच. बाटलीत आता एकाच खेपेपुरतं शरबत उरलं.

"काका, अबकी बार गडबड झाली ना, तर मला दुसरा माणूस बघावा लागेल," मॅडम म्हणाल्या. मुळ्यांनी आतून कडी घातली आणि नमुना सोडला.

फ्रुक्टोज वर चढत असताना दाराच्या काचेवर टकटक झाली. लक्ष्मण! सुट्टीच्या कितीतरी आधी.

मागांच्या खडखडाटात मिलची माणसं नुसत्या ओठांनी बोलायची. काचेपलीकडून लक्ष्मण तसाच बोलला, "बस लवकरची मिळाली. बाहेर ये ना भिया, रिक्षा उभी आहे."

"थांब जरा," मुळ्यांचे ओठ म्हणाले.

अहो, उठायचं होतं! जिवाचा माणूस दारात उभा, आणि हे खुर्चीला चिकटलेले! पण त्या घरी बसलेल्या वर्षांची धास्ती अशी, की हात कडीपर्यंत जाईना. ग्लुकोजची टेकडी आली. लक्ष्मणानं मनगटावर बोट ठेवून वेळ दाखवली. चहातली साखर अजून यायचीच होती. त्यानं आणखी थोडी वाट पाहिली, दोन्ही हात जोडले आणि गेला. शेवटची टेकडी उठली तेव्हा मुळ्ये यंत्रासमोर बसून रडत होते.

संध्याकाळी मॅडमनी कागद उजेडात धरला.

"क्या बात है काका! किती साफ रेघ आली आहे. या वेळी मध्ये कोणी आलं नाही वाटतं?"

"नाही मॅडम," मुळ्ये म्हणाले, "कोणीच आलं नाही."