आधीची आत्या, नंतरची आत्या

माझी आत्या पिठाची गिरणी चालवते. वय चव्वेचाळीस, दात सगळे शाबूत, आणि आवाज असा की गिरणी चालू असतानाही तिचं बोलणं रस्त्यापलीकडच्या न्हाव्याला ऐकू जातं. पण दिवसभर पीठ उडून केस, भुवया, पापण्या सगळं पांढरं होतं. अंघोळ केली की ती वीस वर्षांनी लहान होते, आणि कामाला लागली की तासाभरात पुन्हा म्हातारी.

टेकडीवर पवनचक्क्या आल्या तेव्हा कंपनीला परवान्यातच अट होती: दरवर्षी गावासाठी काहीतरी करायचंच. त्यासाठी एक तरुण अधिकारी नेमला. त्याच्या खिशात कायम लाल फितीचं रीळ, म्हणून गाव त्याला फीतवाले साहेब म्हणायचं. साहेबांनी घसरगुंडी दिली, ती थेट काटेरी झुडपात उतरते. हात धुवायला तीन बेसिनं दिली, पाणी सोडून. फिती मात्र सगळ्यांच्या वेळच्या वेळी कापल्या.

आत्याला यातलं काही नको होतं. तिला वीज हवी होती. वर चौदा पवनचक्क्या गरागरा फिरायच्या, त्यांची वीज आमच्या डोक्यावरून कुठल्याशा शहरात जायची, आणि खाली आत्याची गिरणी दिवसातून चार वेळा बंद पडायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. गिऱ्हाइकं कंटाळून शेजारच्या गावच्या गिरणीकडे वळली. असंच चाललं तर वर्षभरात दाराला कुलूप लागणार, हे तिला दिसत होतं. आणि गिरणीवाचून तिला दुसरं काहीच येत नाही, भांडण सोडलं तर.

म्हणून ती पिठाने माखलेली तशीच गावसभेत उभी राहिली. "साहेब, गिरणीला एक ट्रान्सफॉर्मर द्या."

"आत्या, ते आमच्या यादीत नाही हो," साहेब गोड आवाजात म्हणाले. "यादीत आरोग्य आहे, शिक्षण आहे, महिला आहेत."

"मग मी कोण? खांब?"

सभा हसली. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते पुढे कळलं.

एका दुपारी वीज गेली. दळण अर्ध्यात अडकलेलं, आत्या पायरीवर गालाला हात लावून बसलेली, नखशिखान्त पांढरी. साहेबांनी पटकन फोटो काढला. दोन महिन्यांनी कंपनीचा अहवाल आला, त्याच्या मुखपृष्ठावर आत्या! खाली वहीतलं तेच छापलं होतं: 'आधी. निराधार आजी, वय अंदाजे ऐंशी.' सोबत आजींसाठी भेट म्हणून एक काठी.

"ऐंशी?" आत्या कडाडली. "अरे, माझ्या आईला अजून ऐंशी लागायची आहेत!"

मी पोट धरून हसत होते. मग तिच्या डोळ्यांत पाणी दिसलं आणि मला माझीच लाज वाटली. तिने काठी उचलली आणि गिरणीच्या तोंडात अडकलेलं धान्य ढोसायला घेतली. तेवढ्यापुरती ती उत्तम होती.

पुढे परवाना देणारी माणसं पाहणीला यायची ठरली. त्यांना त्या आजींमध्ये पडलेला फरक बघायचा होता. साहेब धापा टाकत गिरणीत आले.

"आत्या, 'नंतर'चा फोटो हवा. छान हसरा!"

"कशाच्या नंतर?"

"म्हणजे... काठीच्या."

"काठीवर गिरणी चालत नाही, साहेब. 'आधी' वीज गेली म्हणून निघाला. 'नंतर' वीज आल्यावर निघेल. तोवर मी ही अशीच बसते." आणि ती खरंच पायरीवर जाऊन बसली, गालाला हात लावून. साहेब रोज यायचे, ती रोज तशीच.

तीन आठवड्यांत साहेबांची अक्कल चालली. गिरणीवर 'महिला सक्षमीकरण केंद्र' अशी पाटी लागली. पाटी लागल्यावर गिरणी यादीत बसली, आणि यादीत बसल्यावर कोपऱ्यावर ट्रान्सफॉर्मर बसला. त्यालाही फीत बांधली होती.

पाहणीच्या दिवशी दारात दळणाच्या डब्यांची रांग न्हाव्याच्या दुकानापर्यंत गेली होती. गेलेली सगळी गिऱ्हाइकं परत आलेली. सकाळपासून गिरणी एकदाही थांबली नव्हती आणि आत पिठाचा नुसता ढग. त्या ढगातून आत्या बाहेर आली आणि सगळे बत्तीस दात दाखवून हसली. साहेबांनी फोटो काढला, मागचा अहवाल उघडून शेजारी धरला आणि त्यांचा चेहरा पडला.

"आत्या, तुम्ही तर आणखी म्हाताऱ्या दिसताय!"

"वीज आली ना," आत्या म्हणाली आणि पुढचा डबा ओतायला आत गेली.

अहवालात तोच फोटो छापला: 'नंतर. आजी, वय अंदाजे नव्वद, आनंदी.' सोबत भेट म्हणून दुसरी काठी आली. बरंच झालं, पहिली ढोसून ढोसून झिजली होती.